कर्ज फिटेल, पण सर्जन म्हणून तिची पहिली वर्षं कुठे जातील?

नमस्कार ताई,

अमेरिकेतल्या एडिसनहून तुम्ही पाठवलेलं पत्र वाचलं. लेक अमेरिकेतच जन्मली, जनरल सर्जरीच्या पाच वर्षांच्या रेसिडेन्सीचं (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात पगारी करायच्या विशेष प्रशिक्षणाचं) दुसरं वर्ष आता संपतंय, डोक्यावर २ लाख ८० हजार डॉलरचं शैक्षणिक कर्ज आहे. अमेरिकी लष्कराच्या रिक्रूटरने, म्हणजे भरती अधिकाऱ्याने, तिला ‘फायनान्शियल असिस्टन्स प्रोग्रॅम’ सुचवलाय. तिने सही करावी का, आणि जे-१ व्हिसावर (प्रशिक्षणासाठीच्या तात्पुरत्या परवान्यावर) आलेल्या भाच्यालाही हे पैसे मिळतील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

भाच्याला मिळणार नाहीत. या योजनेला अमेरिकी नागरिकत्व लागतं.

आता लेकीचं. योजना खरी आहे. हॉस्पिटलचा पगार चालू राहून वर्षाला ४५ हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळतं आणि शिवाय महिन्याला २ हजारांवर स्टायपेंड. आहे त्याच हॉस्पिटलात शिक्षण पूर्ण करता येतं. परतफेड सेवेने करायची: जितकी वर्षं पैसे घेतले तितकी, आणि वर एक. उरलेली तीन वर्षं घेतली तर चार वर्षं पूर्णवेळ लष्करी नोकरी. तीन वर्षांत साधारण दोन लाखांच्या वर रक्कम होते, पण त्यावर आयकर आहे. शिवाय त्या चार वर्षांत, विशेष भत्ते धरूनही, पगार बाहेरच्या सर्जनपेक्षा बराच कमी असतो. निव्वळ पैशांसाठी म्हणाल, तर हा सौदा दिसतो तितका मोठा नाही. तिचं हॉस्पिटल ना-नफा असेल आणि कर्ज अमेरिकेच्या केंद्र सरकारचं असेल, तर ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ आधी तपासा. त्यात पात्र नोकरीत असताना १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं. उत्पन्नावर आधारित हप्ता ठेवला तर रेसिडेन्सीतले हप्तेही धरले जातात. यासाठी गणवेश घालावा लागत नाही.

मला जास्त काळजी तिच्या हातांची वाटते. रेसिडेन्सीनंतरची पहिली चार-पाच वर्षं सर्जनला घडवतात. स्वतःच्या जबाबदारीवर, रोज, अवघड केसेस कराव्या लागतात. सॅन अँटोनिओचं ब्रुक आर्मी मेडिकल सेंटर हे मोठं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणारं केंद्र, आहे, तिथे काम भरपूर. पण बऱ्याच लष्करी हॉस्पिटलांत रुग्ण तरुण आणि धडधाकट असतात, मोठ्या शस्त्रक्रिया कमी होतात. कौशल्य टिकवायला लष्कर स्वतःच आपल्या सर्जनना नागरी ट्रॉमा सेंटरमध्ये पाठवतं, यावरून अडचण लक्षात येईल. नेमणूक कुठे, हे ती पसंती कळवू शकते, ठरवू शकत नाही. फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं आणखी खास प्रशिक्षण) करायची असेल तर परवानगी लागेल, ती लांबूही शकते. आणि आपल्याकडे लोक पैसे भरून बाँडमधून सुटतात, तसं इथे आपल्या मर्जीने सुटता येत नाही.

एक गोष्ट रिक्रूटर सांगणार नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) देत नाही. लेकीकडे कार्ड असेल तर त्याचं पुढे काय होईल, हे न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. आजी-आजोबा इकडे असताना ही बाब मला लहान वाटत नाही.

तरीही मी ‘नको’ म्हणत नाही. जखमी सैनिकांवर उपचार करणं हे मोठं काम आहे, आणि ज्याला ते मनापासून करायचंय त्याच्यासाठी ही योजना उत्तम आहे. पण तुमच्या चार पानी पत्रात लेकीला सैन्यात जायचंय की नाही, हे कुठेच नाही. एक पैसा मिळाला नसता तरी ती गेली असती का, हे तिला विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर सही करू दे, बिनधास्त.

मन अर्धं असेल तर आर्मी रिझर्व्हची (लष्कराच्या अर्धवेळ राखीव दलाची) ‘स्ट्रॅप’ योजना आहे. दरमहा स्टायपेंड, आणि घेतलेल्या दर सहा महिन्यांमागे रिझर्व्हमध्ये एक वर्ष. नागरी प्रॅक्टिस चालू ठेवता येते, मात्र मोहिमेवर बोलावणं येऊ शकतं.

सहीआधी तिने अशीच सेवा पूर्ण केलेल्या एखाद्या सर्जनशी बोलावं, शक्यतो रिक्रूटरने गाठून न दिलेल्या. पहिल्या वर्षी किती मोठ्या शस्त्रक्रिया केल्या, हे नेमकं विचारावं. रिक्रूटरने तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन करारात आहे का, ते ओळ न् ओळ पाहावं. कराराचा मसुदा हाती आला की मला पाठवा, आपण तिघं बसून वाचू.