उसातला बिबट्या आणि लेकीची नोकरी

पत्र : आम्ही जुन्नर तालुक्यातले. चार एकर बागायत आहे, ऊस आणि कांदा घेतो. मुलगी टी. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. मागच्या वर्षी गोठ्यातलं वासरू बिबट्यानं नेलं. पंचनाम्याला वनरक्षक बाई आल्या होत्या, त्यांच्यामागे ही तासभर उसाच्या बांधावरून फिरली. तेव्हापासून डोक्यात तेच. आता एका संस्थेत ‘फील्ड टेक्निशियन’ म्हणून बोलावणं आलंय : अकरा महिन्यांचा करार, पंधरा हजार पगार, काम माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातल्या संघर्षाचं. यजमान म्हणतात, बी. एड. कर आणि शाळेत लाग. एक-दोन स्थळंही येऊन गेली. गावात वनखात्याच्या माणसांना लोक कसं बोलतात ते आम्ही रोज ऐकतो. मुलीच्या जातीनं रात्री-बेरात्री हे करावं का? आणि मुळात ही नोकरी आहे का?
– एक आई

ताई,

नोकरी आहे. पण या नावाचं पद सरकारी जाहिरातीत शोधायला गेलात तर बहुधा हाती काही लागणार नाही. आपल्याकडे हे काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे. थोडं वनरक्षक करतो, थोडं रेस्क्यू टीममधली रोजंदारीवरची पोरं करतात, थोडं पशुवैद्यक आणि उरलेलं संस्थांची कंत्राटी माणसं. तुमच्या मुलीला बोलावणं आलंय ते या शेवटच्या तुकड्यात. त्यामुळे काम खरं, गरजेचं आणि शिकण्यासारखं असलं तरी त्यावर आयुष्य काढता येईल अशी सोय त्यात अजून झालेली नाही. ती तिची तिलाच लावून घ्यावी लागेल. कशी, ते पुढे लिहितो.

आधी काम म्हणजे काय ते पाहू. बातम्यांत दिसतो तो विहिरीत पडलेला बिबट्या, वरून सोडलेली बाज नाहीतर पिंजरा आणि काठावर उभा राहून मोबाइल धरलेला सगळा गाव. हे प्रसंग येतात, पण रोजचं काम त्याहून फार साधं आहे. मेलेल्या शेळीजवळ उकिडवं बसून ती कशानं मेली ते ठरवायचं. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा आहेत का? कातडी बाजूला केल्यावर आत रक्त साकळलेलं दिसतं का? रक्त साकळलं असेल तर चावा जिवंतपणी पडला. नसेल तर जनावर आधीच मेलेलं होतं आणि नंतर कुणीतरी येऊन खाल्लं. मागच्या पायांवर, पोटावर, कानांवर वेडेवाकडे चावे असतील तर शंका भटक्या कुत्र्यांवर जाते. ठसा पाहायचा : कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या सहसा उमटत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. ठशाशेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढायचा, म्हणजे माप कळतं. फरफटत नेल्याची रेघ कुठवर जाते ते चालत जाऊन बघायचं. मग हे सगळं मराठीत, तारीख-वेळ घालून, पंचांच्या सह्या घेऊन लिहायचं.

या कागदाला मी फार महत्त्व देतो. शेतकऱ्याला भरपाई मिळणार की नाही, हे त्याच्यावरच ठरतं. जनावर मारलं गेलं तर ४८ तासांत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही, हे नियम तुम्हाला अनुभवानं माहीत असतीलच. रक्कम मिळते ती बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल मर्यादा, यांत जी कमी असेल ती. पंचनामा ढिला झाला तर माणूस महिनोन्‌महिने खेटे घालतो आणि पुढच्या वेळी खात्याला फोनच करत नाही. अर्धवट खाल्लेल्या शेळीवर थिमेट, म्हणजे जहाल कीटकनाशक, टाकून मोकळा होतो. एका वाईट कागदानं एक बिबट्या मरतो, आणि त्याच्यासोबत ते मढं खायला आलेली तरसं-कोल्हीही. पत्रातली ती वनरक्षक बाई तासभर बांधावरून फिरली, यावरूनच ती काम नीट करणारी असणार. मुलीनं तिच्याशी ओळख ठेवावी.

कामाचा दुसरा भाग बोलण्याचा आहे. मुलीनं खरा विचार करायचा तो याच भागाचा. तुमच्या भागात काय झालंय ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बारा महिने दडायला जागा झाली. कुत्री, डुकरं, शेळ्या, वासरं हे खाणं हाताशी. आता उसातच जन्मलेले बिबटे आहेत, त्यांना जंगल म्हणजे काय ते ठाऊक नाही. लोक म्हणतात, पिंजरे लावा आणि सगळे उचलून लांब सोडा. तेही करून झालंय. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढल्याचं दिसलं. एक नर उचलला की रिकामी जागा दुसरा धरतो आणि अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो. हे कागदावर पटतं. पण ज्या घरातलं मूल गेलं, त्या घरासमोर उभं राहून हे सांगता येत नाही, आणि सांगूही नये. त्या वेळी पिंजरा लागतो, कधी गोळीचाही निर्णय होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या कलम ११ नुसार तो अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो, टेक्निशियनचा नाही. गावाला मात्र समोर टेक्निशियनच दिसतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लागोपाठ जीव गेले. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली आणि महामार्ग अडवला. त्या गर्दीसमोर खाकी किंवा संस्थेचा टी-शर्ट घालून उभं राहायचं असतं. उलट बोलायचं नाही, खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि पळायचंही नाही. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

म्हणून मुलीला ‘प्राणी आवडतात का?’ हे विचारू नका. आवडतातच. बायको मेल्यावर एकट्यानं शेळ्यांवर घर चालवणाऱ्या माणसाची गाभण शेळी गेली आणि तो तोंडाला येईल ते बोलतोय, अशा वेळी तिला तिथे बसून त्याचं ऐकून घेता येतं का, ते विचारा. येत असेल तर ही मुलगी या कामाची आहे.

चांगले दिवसही असतात, नाहीतर तुम्हाला वाटेल मी यजमानांच्या बाजूचा आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात. पूर्वी ती उचलून थेट निवारा केंद्रात जायची. आता ती तपासून, सापडली त्याच जागी संध्याकाळी एका क्रेटमध्ये ठेवतात, झाकण मादीला उघडता येईल असं. समोर कॅमेरा लावतात, तोडणी तेवढ्यापुरती थांबवतात आणि सगळ्यांना मागे घेतात. बहुतेक वेळा रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. मुकादमाला, कोपीत राहणाऱ्या मजुरांना आणि ऊस कारखान्याला घालवायची घाई असलेल्या मालकाला ही एक रात्र थांबायला राजी करणं, हेच त्यातलं खरं कौशल्य. मुकादमाला पटलं की पुढचं सोपं. हे बघायचं-शिकायचं तर तुम्हाला लांब जायला नको. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे.

कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचंही काम असेल, ते तिला लवकर जमेल. गुडघ्याच्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि त्यांवरूनच तो कोणता ते ओळखायचं असतं. समोरचं गवत छाटलं नाही तर वाऱ्यावर हलणाऱ्या पातीचे हजार फोटो येतात. आणि हल्ली एक नवीनच ताप आहे : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे, एआयनं बनवलेले बिबट्याचे व्हिडिओ. खरं-खोटं ठरवायला रात्री अकराला निघावं लागतं.

आता पैसा आणि पुढची वाट. पंधरा हजारांत पेट्रोल तिचं असेल, तर हातात काय उरेल ते तुम्हीच मांडून बघा. असे करार प्रकल्पाच्या पैशावर चालतात. प्रकल्प संपला की करार संपतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पदवीचं शेवटचं वर्ष पूर्ण करून मगच रुजू व्हायचं, आणि कंत्राटावर दोन वर्षांच्या वर राहायचं नाही. पाच-सहा वर्षं तशीच काढलेली, तिशीला आल्यावर हाती ना पदव्युत्तर पदवी ना सरकारी पद, अशी गुणी मुलं मी पाहिली आहेत. काम त्यांना इतकं आवडत होतं की अर्ज भरायचे राहून गेले.

दोन वर्षांत तिनं एक दार पक्कं करावं. पहिलं वनरक्षकाचं. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, तो तिचा आहेच. मुलींसाठी उंची किमान १५० सें.मी., धावणं ३ कि.मी. आणि १६ कि.मी. चालण्याची चाचणी चार तासांत. वेतनश्रेणी २१,७००–६९,१०० आणि वर भत्ते. २०२३ मध्ये २,१३८ पदांची भरती निघाली होती, पण ती दरवर्षी निघत नाही. म्हणून जाहिरातीची वाट न बघता धावायला आजपासून लागावं. दुसरं दार एमपीएससीच्या वनसेवेचं : वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक. विज्ञानाची पदवी चालते, स्पर्धा मोठी आहे, पण फील्डवर वर्षभर राहिलेल्या मुलीकडे मुलाखतीत सांगायला काहीतरी असतं. तिसरं संशोधनाचं : पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम. एस्सी., देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थेत, किंवा बेंगळुरूला नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये (एनसीबीएस). शेवटच्या दोन ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि तिथे फील्डचा अनुभव खरोखर वजनदार ठरतो. बेशुद्धीचं इंजेक्शन मारणारी ‘डार्ट’वाली डॉक्टर व्हायचं मनात असेल, तर ते काम पशुवैद्यकाचं. त्यासाठी आता मागे फिरून पाच-साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम करायचा का, हा वेगळा हिशेब. मी तरी सुचवणार नाही.

बी. एड.ला माझा विरोध नाही. पण ते दोन वर्षांनीही करता येतं. यजमानांना तेवढं सांगा.

सुरक्षेचं म्हणाल, तर मला बिबट्यापेक्षा रात्रीच्या मोटारसायकलची धास्ती जास्त वाटते. मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या गाळप हंगामात कशा उभ्या असतात, ते तुम्ही रोज पाहता. त्याखालोखाल साप. म्हणून रुजू होण्याआधी संस्थेला हे प्रश्न लेखी विचारायचे, आणि उत्तरही लेखीच घ्यायचं : अपघात विमा आहे का आणि किती रकमेचा? रात्रीच्या कॉलला चारचाकी मिळणार की स्वतःची गाडी? दोघांशिवाय कुणी जायचं नाही असा नियम आहे का, आणि मुलगी असेल तर सोबत दुसरी बाई असते का? रेबीजची आधीच घ्यायची लस संस्था देते का? ती ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी घेतात. पेट्रोल कुणाचं? गर्दी बिथरली तर परत फिरायचा निर्णय कोण घेणार? तक्रार कुठे करायची, त्याची समिती आहे का? जी संस्था या प्रश्नांनी वैतागते, तिथे मुलीला पाठवू नका. जी सरळ उत्तरं देते, तिथे रात्रीच्या कामाचा बाऊ करू नका. तुमच्याकडे रात्रीची लाइट आली की बायका उसाला पाणी भरायला जातातच की, आणि त्या तर कुणाला न सांगता, एकट्या.

गावातल्या बोलण्याबद्दल एवढंच : पहिलं वर्ष तिनं स्वतःच्या गावात काम करू नये. संस्थेला सांगून शेजारची गावं मागून घ्यावीत, हवं तर आंबेगाव तालुका. स्वतःच्या गावात पिंजरा लागला नाही की लोक तुमच्या ओट्यावर येतील, आणि चुलत्याच्या शेळीचा पंचनामा कुत्र्यांवर गेला तर भावकीत बोलणं बंद होईल. नातेवाइकांच्या नुकसानीच्या कागदावर तिनं सही करायची नाही, दुसऱ्या कुणाला बोलवायचं, हे पहिल्याच दिवशी वरिष्ठांना सांगून ठेवावं. आणि स्थळं आली तर तिची फिरती लपवू नका. रात्री फोन वाजल्यावर उठून जाणारी सून चालेल का, ते तिनंच समोर बसून विचारलेलं बरं.