ताईला रिपोर्ट पाठवणं आधी थांबवा

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो. मोठी बहीण गोव्यात सरकारी इस्पितळात नर्स आहे. कोविडचा वॉर्ड तिनं सांभाळला. यंदा चवथीला डिचोलीला घरी गेलो, तर गणपतीवर फळांची माटोळी बांधतानाही ती खोलीतून बाहेर आली नाही. रात्री दोनला उठून बसते. विचारलं की 'काही नाही रे'. एवढ्या वर्षांनी असं का? इथून आम्ही काय करावं?

उत्तर : दोनची वेळ वाचून मे २०२१ आठवला. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रात्री दोन ते सहाच्या दरम्यान होणारे मृत्यू आणि ऑक्सिजनचा तुटवडा यावर तेव्हा उच्च न्यायालयात सुनावणी चालली होती. तुमच्या ताईचं कारण तेच असेल असं नाही. पण काय करायला हवं ते माहीत असून हाताशी साधन नसणं, हा सल नर्स-डॉक्टरांच्या मनात वर्षानुवर्षं राहतो. थकवा रजेनं उतरतो, हा तसा उतरत नाही.

'कोविडचं सांग ना' म्हणून खोदू नका, 'विसर आता' असंही नको. 'योद्धा' तर मुळीच नको. टाळ्या वाजल्या त्याच काळात काही घरमालकांनी नर्सना खोली सोडायला सांगितली होती. 'बोलावंसं वाटलं तर मी आहे' एवढं एकदा सांगा आणि विषय सोडा.

आता थोडं तुमच्याकडे. घरात एक नर्स असली की मामाच्या शुगरपासून शेजाऱ्याच्या एक्स-रेपर्यंत सगळं तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतं. दुबईहून तुम्हीही पाठवत असणारच! म्हणजे ड्युटी संपली तरी वॉर्ड संपत नाही. ते बंद करा, नातेवाइकांनाही तुम्हीच सांगा. तिला नाही म्हणता येणार नाही. आई-बाबांच्या तपासण्या, औषधं, वीजबिल दुबईतून सहज होतं, ते तुमच्याकडे घ्या. नाइटच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल नको. तिचा ड्युटी चार्ट मागून घ्या.

झोपेचा त्रास महिनाभराहून जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, पण तिथं ओळखीचे भेटतील म्हणून ती टाळेल. मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिला द्या, तो चोवीस तास चालतो. नाव न सांगताही बोलता येतं. जगणं नकोसं झालंय असं ती कधी सुचवू लागली, तर 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाली तर फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून डिचोलीतल्या कुणाला तरी लगेच तिच्याजवळ पाठवा.