आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने अधिक मृत्यू होतात, त्याचे कारण जनुकीय आहे का?

अंशतः आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो, तरी त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही (संप्रेरकाला जोडून घेणारी, पेशीतील प्रथिने) नसलेला आणि पेशींच्या वाढीला चालना देणारे हर-२ प्रथिनही वाढलेले नसलेला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार, ज्यावर टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकांचा परिणाम रोखणारी औषधे चालत नाहीत, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जवळपास दुप्पट आढळतो. अमेरिकी स्तनकर्करोग-शल्यविशारद डॉ. लिसा न्यूमन यांच्या गटाने केलेल्या तुलनेत हा प्रकार पश्चिम आफ्रिकेतील घानामध्ये पुष्कळ अधिक, तर पूर्व आफ्रिकेतील इथिओपियात बराच कमी दिसला. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांपैकी बरेच जण पश्चिम आफ्रिकेतले असल्याने ही तफावत बोलकी आहे. (‘आफ्रिकी’ असा एकच शिक्का किती फसवा आहे, हेही त्यातून कळते.) व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियापासून संरक्षण देणारा आणि पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सर्वांमध्ये असणारा ‘डफी-नल’ हा जनुकीय बदल या प्रकाराशी निगडित आढळला आहे, मात्र तोच कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. शिवाय औषधांना चांगली दाद देणाऱ्या, संप्रेरक-ग्राही असलेल्या कर्करोगातही कृष्णवर्णीय स्त्रियाच अधिक दगावतात. तिथे माझ्या मते जनुकांच्या आधी उशिरा झालेले निदान, अपुरा विमा आणि रखडलेले उपचार यांच्याकडे पाहायला हवे.