अक्कलदाढ काढायची का? आधी एवढं बघा

ताई, मुलीच्या अक्कलदाढा काढायच्या का, असं विचारलंत. ती सोळाची आहे आणि दुखत काहीच नाही, मग डॉक्टरांना आजच उत्तर द्यायची घाई नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मी यातून गेले आहे. एकाच्या काढल्या, दुसऱ्याच्या अजून तोंडात आहेत, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते.

आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढून घ्या. तो समोर ठेवून डॉक्टरांना एवढंच विचारा:

- दाढ सरळ येतेय की आडवी? बाहेर यायला जागा आहे का?
- शेजारच्या दाढेला कीड किंवा धक्का आहे का?
- खालच्या दाढेची मुळं जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत?

हिरडी वारंवार सुजणं, अर्धवट आलेल्या दाढेत अन्न अडकून पू होणं, शेजारची दाढ किडणं, गाठ दिसणं ही काढण्याची खरी कारणं. ‘पुढचे दात वाकडे होतील’ हे कारण मात्र ऐकू नका, त्याला भक्कम पुरावा नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २००० साली त्रास नसलेल्या अडकलेल्या दाढा उगाच काढू नयेत असं सांगितलं.

नवखे पालक दोन टोकांना जातात. काही जण एकाच सल्ल्यावर चारही दाढा काढून टाकतात. काही जण दुखणं गोळ्यांवर ढकलत राहतात, आणि ते जास्त वाईट, कारण वय वाढतं तशी मुळं पूर्ण होतात, हाड घट्ट होतं, काढणं अवघड जातं.

शंका असेल तर दुसरं मत मुखशल्यचिकित्सकाचं, म्हणजे तोंडाची-जबड्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं घ्या. काढायचं ठरलं तर परीक्षेचा आठवडा टाळा.