स्लाव भाषांतली (रशियन, पोलिश वगैरे) किडामुंगीची नावं आली कुठून?

बरीचशी थेट आपल्या संस्कृतच्या नात्यातली आहेत. रशियन 'मिश' (उंदीर) म्हणजे आपला मूषक, हे तर ऐकताच कळतं. 'ब्लोखा' (पिसू) आणि वेदातला 'प्लुषि' एकाच कुळातले मानतात.

खरी मजा 'चेर्व' या शब्दात आहे. चेर्व म्हणजे किडा, मूळ तेच जे 'कृमि'चं. पोलंडमध्ये एका छोट्या रानरोपाच्या मुळांवर बारीक किडे मिळायचे. ते जूनच्या शेवटी गोळा करून, वाळवून लाल रंग काढत. त्यामुळे पोलिशमध्ये त्या किड्याचं नाव 'चेर्व्येत्स', जून महिन्याचंही तेच, आणि लाल म्हणजे 'चेर्वोनी'! आपला 'किरमिजी'सुद्धा फारसी-अरबी वाटेने कृमीवरूनच आलाय, तोही किड्यांच्या रंगामुळेच.

पण दिसतं ते सगळंच नातं नसतं हं. रशियन 'मुखा' आणि आपली माशी सारखी वाटली तरी मुळं वेगळी. माशी 'मक्षिका'वरून आली. मुखाची बहीण लॅटिन 'मुस्का'.

मधमाशीच्या 'प्चेला'वर अजून वाद आहे. बरेच जण तो गुणगुणण्याच्या आवाजावरून आला म्हणतात, मलाही तेच पटतं.