उतारा नसलेली भीती

प्रश्न : भुताची गोष्ट वाचली की मला दिवा मालवायचं धाडस होत नाही. पण ‘कॉस्मिक हॉरर’ (माणसाची पर्वाच नसलेल्या विश्वाची भीती) म्हणून अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टची कथुलूची कथा वाचली, तर तो अवाढव्य प्राणी, ते बुडालेलं शहर सगळं बघून भीती अशी वाटलीच नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही हो. १९२८ साली छापून आलेल्या त्या कथेतल्या प्राण्याची आता गुबगुबीत खेळणीसुद्धा मिळतात, घाबरणार कोण? आकारावर जाऊ नका. मी दुसरंच बघतो : भुताला उतारा असतो.

इंग्रज भूतकथाकार एम. आर. जेम्सची १९०४ची शिट्टीची कथा घ्या. प्रोफेसर पार्किन्सला पडक्या अवशेषांत एक जुनी काशाची शिट्टी सापडते, तो ती वाजवतो, आणि खोलीतल्या दुसऱ्या, रिकाम्या पलंगावर कुणीतरी उठून बसतं. त्याला चेहरा आहे, पण चुरगळलेल्या चादरीचा. ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती नेमकी दोन पलंगांच्या लॉजमध्ये. बॅग, पुस्तकं, ओला टॉवेल, होतं नव्हतं ते सगळं मी समोरच्या पलंगावर रचून ठेवलं, बसायला जागाच नको! पण शेवटी काय होतं? कर्नल धावून येतो, शिट्टी समुद्रात फेकतो, चादरी जाळतात. पार्किन्स पुढे बुजगावण्यालाही दचकतो, पण सुटतो. (शिट्टी वाजवणं हा काय एवढा गुन्हा, हे मात्र मला अजून पटलेलं नाही. जेम्सची भुतं हिशोबाला कच्चीच.)

आता लव्हक्राफ्टचीच ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ वाचा, १९२७ची. नेहम गार्डनर या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. त्या वर्षी फळं धरतात ती भलीमोठी, तुकतुकीत. दाताखाली मात्र कडू, मळमळ आणणारी. मग झाडं रात्री उजळू लागतात, गुरं राखाडी होऊन गळून पडतात, बायकोला वेड लागतं. हे सगळं करतो तो उल्केबरोबर आलेला एक रंग, आणि त्या रंगाला नाव नाही. त्याला नेहमचा राग नाही, पण त्याच्याकडून काही नकोय असंही नाही. तो घरच्यांना शोषून घेतो, पण वैर म्हणून नव्हे. मग जाळायचं काय, फेकायचं काय, क्षमा मागायची कुणाची? आणि नेहम पाण्याची चव बिघडलीय हे कळूनही त्याच विहिरीचं पाणी पीत राहतो. मला तिथे धस्स झालं.

गंमत म्हणजे याच लव्हक्राफ्टनं भयकथांवरच्या आपल्या निबंधात जेम्सला आधुनिक उस्तादांत बसवलंय. त्यामुळे दोघांत डावं-उजवं करायला मी जाणार नाही.

ही रंगाची कथा वाचाल तेव्हा ती सांगणाऱ्यावर लक्ष ठेवा. तो सर्व्हेअर आहे. ती जमीन नव्या जलाशयाखाली जाणार म्हणून मोजणीला आलाय. शहराला पुढे तेच पाणी मिळणार, आणि तो सांगून ठेवतो की आपण ते कधीच पिणार नाही.