सर्वधर्मीय, सर्वपंथीय की सामाईक?

प्रश्न असा: लष्करी रुग्णालयाच्या इतिहासाचं भाषांतर चालू आहे. मूळ मजकुरात 'इंटरडिनॉमिनेशनल चॅपल' आहे. 'सर्वधर्मीय प्रार्थनास्थळ' चालेल का?

नाही चालणार. डिनॉमिनेशन म्हणजे धर्म नव्हे, पंथ. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन हे सगळे ख्रिस्तीच. 'सर्वधर्मीय' लिहिलंत की आपल्याकडच्या वाचकाला भारतीय लष्करातलं 'सर्वधर्म स्थळ' आठवणार; तिथे निरनिराळे धर्म एकत्र असतात, म्हणजे तो प्रकार निराळा.

लष्करात हा पंथभेद कागदोपत्रीही पाळला जाई. ब्रिटिश सैन्याचं पाद्री खातं १७९६ साली निघालं, तेव्हा पाद्री फक्त अँग्लिकन. प्रेस्बिटेरियनांना मान्यता मिळाली १८२७ मध्ये, कॅथलिकांना १८३६ मध्ये आणि मेथडिस्टांना तर थेट १८८१ मध्ये! एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी पडलेल्या दोन जखमींना शेवटच्या प्रार्थनेला वेगवेगळा पाद्री लागायचा. अशा ठिकाणी सगळ्यांना मिळून एक चॅपल, ही तडजोड साधी नव्हती. त्यामुळे 'सर्वपंथीय चॅपल' हा अर्थाला धरून असलेला शब्द.

पण अमेरिकी मजकूर असेल तर जरा थांबा. तिथल्या लष्कराने दुसऱ्या महायुद्धात एकाच नमुन्याची शेकडो चॅपल बांधली, ती प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशा तिघांसाठी. ज्यू काही ख्रिस्ती पंथ नव्हे, म्हणजे 'सर्वपंथीय' तोकडा पडतो. तिथे मी बेधडक 'सामाईक चॅपल' लिहीन. सामाईक विहिरीसारखंच ते: मालकी एकट्याची नाही, पाळी मात्र ठरलेली.

'चॅपल'चं 'प्रार्थनामंदिर' करू नका. शब्दाचं मूळच शिपाईगिरीत आहे. संत मार्टिन हा रोमन सैनिक. त्याने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. तो झगा, लॅटिनमध्ये 'कापेल्ला', फ्रँक राजे लढाईत सोबत नेत. तो जिथे ठेवत ते चॅपल, आणि सांभाळणारा तो चॅप्लिन. गोव्यातलं 'कपेल' याच शब्दाचं पोर्तुगीजमार्गे आलेलं रूप. गोव्याच्या वाचकांसाठी लिहीत असाल तर खुशाल तेच वापरा.

राहता राहिला चॅप्लिन, म्हणजे आजच्या अर्थाने फौजेतला धर्मगुरू. 'धर्मोपदेशक' फार पुस्तकी. आपल्या फौजेत 'पाद्री' रुळलेला आहे, तोच घ्या. फक्त तो ज्यू असेल तर 'रब्बी' लिहा.